बिनचवीची पावडर

माझं वजन किती, हे तोंडावर विचारायची हिंमत आजवर एकाच बाईने केली, ती म्हणजे भावाची लिव्हरची डॉक्टरीण. मी बेकरीत काम करते, दिवसभर हातात लाटणं असतं, त्यामुळे लोक जरा जपूनच बोलतात. पण तिला मी उत्तर दिलं, आणि खरं दिलं. भावाचा जीव त्या आकड्यावर अडला होता.

भाऊ माझ्यापेक्षा धाकटा. लहानपणी पाण्यात पाय फाकवून पोहायचा म्हणून मी त्याला बेडक्या म्हणायचे. पुढे तो पोहायला शिकवणारा मास्तर झाला, तलावावर लोक त्याला सर म्हणायला लागले, तरी घरी बेडक्याच राहिला. उघडं अंग, गळ्यात शिट्टी, खांदे हे असे. पोरं त्याच्या शिट्टीला टरकायची आणि पोरांच्या आया शिकवणी संपली तरी काठावरून हलायच्या नाहीत. असा हा गडी एक दिवस टी-शर्ट घालून पाण्यात उतरला. मी म्हटलं, काय रे, या वयात लाज कुठून आली? तो हसला नाही. त्याला खोलीत एकटाच आरशासमोर उभा असलेला पाहिला तेव्हा आई आणि मी एकमेकींना कोपर मारलं. आम्हाला वाटलं, पडला एकदाचा कुणाच्या तरी प्रेमात.

त्याची छाती वाढत होती. बायकांसारखी. हे त्याने मला सांगितलं तेव्हा माझ्याकडे पाठ करून सांगितलं. दुखते म्हणाला, कपडा घासला तरी दुखते. दाढी उगवेनाशी झाली होती. तळहात लालभडक, आत्ताच कुणी छड्या मारल्यासारखे. गळ्याखाली कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल शिरा. तोवर पोट फुगायला लागलं होतं आणि दंड काटकुळे झाले होते. बाहेर बोभाटा झाला की सर ढोसतात. ज्याने जन्मात तलावाच्या पाण्याखेरीज काही गिळलं नाही, त्याला बेवडा ठरवून लोक मोकळे झाले. माझ्या हाताला लागले असते तर एकेकाला भट्टीत घातलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं. लहानपणी झालेली कावीळ आत दबा धरून बसली होती, तिने लिव्हर पोखरून दगड करून टाकलं. बायकांचे म्हणतात ते हार्मोन पुरुषांच्या अंगातही थोडे असतात, लिव्हर त्यांचा निचरा करतं. त्याने हात टेकले की ते साठत जातात, पुरुषांचे कमी होतात, मग छाती वाढते, दाढी जाते. आणि दुसरं त्याहून वाईट. आपण झोपतो तेव्हा लिव्हर साठवलेली साखर पुरवत राहतं. याच्याकडे साठाच नाही. एका रात्रीत त्याच्या शरीराची आपल्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतकी उपासमार होते, आणि मग ते स्वतःचंच मांस मोडून खातं. म्हणून त्याने दर दोन-तीन तासांनी खायचं, झोपताना खायचं, भूक नसली तरी खायचं. बाकी उपाय एकच, दुसऱ्या कुणाच्या लिव्हरचा तुकडा.

आईचं वय उलटून गेलेलं. राहिले मी. रक्तगट जुळला, सगळं जुळलं, आणि मग माझा स्कॅन आला. इथेच घोडं पेंड खात होतं. माझ्या लिव्हरमध्ये चरबी. कापलं तर तुम्हालाही पुरणार नाही आणि त्यालाही, असं त्या म्हणाल्या. दीड महिना दिला. गोड बंद, मैदा बंद, रोज चालायचं, मग पुन्हा स्कॅन. चरबी उतरली तर ऑपरेशन. नाही उतरली तर काय, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

बेकरीत राहून उपाशी मरणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. गरम पावाचा वास नाकात, हात कोपरापर्यंत क्रीममध्ये, आणि पोटात उकडलेल्या भाज्या. मालकाने केकची चव बघायला दिली तर मी थुंकून टाकायचे. जाता-येता पायी. घरी आलं की दारातूनच आईचा आवाज यायचा, सूप घे, गरम आहे तोवर घे. आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बेडक्या, पुढ्यात अंडी, ब्रेड, घट्ट डाळ, आणि त्याला घास जात नाही. मी त्याच्या ताटाकडे बघायचे, तो माझ्या. एकदा मी म्हटलं, देवाला हिशेब येत नाही रे, माझी भूक तुला दिली असती तर दोघं सुटलो असतो. तेव्हा मात्र तो हसला.

त्याच्यासाठी हॉस्पिटलने एक पावडर दिली होती. पांढरी, तिला वास नाही, चव नाही, पाण्यात टाकली की दिसतसुद्धा नाही. नुसती ताकद, म्हणजे कॅलरी. जेवण जात नाही तर निदान ही तरी दर वेळी पोटात जाऊ द्या, असं सांगितलं होतं. डबा ओट्यावर, आईच्या ताब्यात. स्वयंपाक दोघांचाही आईच करायची, मला बेकरीतून यायला उशीर व्हायचा.

आईचं एक सांगायला हवं. आमचे बाबा साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला चालत गेले होते. परतल्यावर तुझ्या हातची नानकटाई खाईन, करून ठेव, असं आईला सांगून गेले. ते परत आले ते झाकलेले. तेव्हापासून हॉस्पिटल दिसलं की आई रस्ता ओलांडून पलीकडून चालते. माझ्या ऑपरेशनचं ठरलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. मी म्हटलं, चला, सुंठेवाचून खोकला गेला. एवढी अक्कल माझी.

दरम्यान बेडक्याचं डोकं चळायला लागलं. लिव्हर विष गाळत नाही, ते मेंदूत चढतं, म्हणून औषध चालू होतं, तरी अधूनमधून धुकं यायचंच. दिवसा झोप, रात्री टक्क जागा. एकदा चपला फ्रिजमध्ये नीट जोडीने ठेवल्या. एकदा भर दुपारी शिट्टी फुंकून शेजाऱ्यांना पाण्याबाहेर या म्हणाला. आम्ही त्यातही हसून घ्यायचो, नाहीतर करणार काय.

असाच एक दिवस तो टेबलाशी बसला होता. मी सूपाचा वाडगा तोंडाला लावला आणि तो म्हणाला, "ताई, माझी पावडर तू खातेस."

माझं टाळकंच सटकलं. मी याच्यासाठी थुंकून टाकतेय, पायाची सालपटं काढतेय, आणि हा मला चोर म्हणतो. मी त्याला नाही नाही ते बोलले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाले, स्वतः गिळत नाहीस आणि माझ्यावर आळ घेतोस म्हणाले. तो बोट वाडग्याकडे करून पुन्हा तेच म्हणाला, हळू, पोरांना शिकवताना बोलायचा तसं. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, मनावर घेऊ नकोस गं, डोकं ठिकाणावर नाही त्याचं. मी सूप संपवलं. वर आणखी मागून घेतलं.

वजनाचा काटा हलत नव्हता. मला वाटायचं, माझा बांधाच तसा, दणकट बाई, जाईल हळूहळू. मग दुसरा स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी लावली. चरबी कमी झाली नव्हती. थोडी वाढलीच होती.

त्यांनी मला विचारलं, चोरून काय खाता? मी शपथा घेतल्या. त्यांनी मान हलवली, पण ती कशी हलवतात ते मला कळतं, आमच्याकडे उधारीवाल्याला मालक अशीच मान हलवतो. भावाचे दंड आणखी उतरलेत म्हणाल्या, पावडर चालू आहे ना? चालू आहे म्हटलं. मग इतकं उतरायला नको, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी विचारलं, अजून एक महिना दिलात तर करून दाखवते, पण तेवढा वेळ आहे का त्याच्याकडे? त्या कागद सारखे करत बसल्या.

मी बेकरीत गेलेच नाही. रस्त्यात रडायची सोयच नव्हती, म्हणून भराभरा चालत घरी आले. दार उघडंच होतं. बेडक्या टेबलाशी होता, त्याच्यापुढे पाण्याचा पेला. आई ओट्याशी, दाराकडे पाठ. तिने डब्यातून चमचा भरला आणि माझ्या सूपात टाकला. ढवळलं. आणखी एक भरला, तोही टाकला. मग चमचा झटकून जे काही उरलं ते त्याच्या पेल्यात.

बेडक्याने मला पाहिलं. त्या दिवशी त्याचे डोळे स्वच्छ होते.

"सांगितलं होतं ना," तो म्हणाला.

आई वळली. तिच्या हातातून डबा पडला नाही की काही नाही, तिने झाकण नीट लावलं. आधी म्हणाली, त्याला पचत नाही गं, ओकून टाकतो, इतकी चांगली वस्तू वाया जाते. तू किती राबतेस, तोंड बघ तुझं, म्हणून. मी दारातच उभी राहून म्हटलं, आई, माझी चरबी वाढलीय, आता ऑपरेशन होत नाही. तेव्हा तिने डोळे मिटले, आणि माझ्या लक्षात आलं की तिला हायसं वाटलंय. माझ्या जन्मदात्या आईला हायसं वाटलं. मला तिचा असा संताप आला की मी भिंत धरली.

"हो, केलं मी," आई म्हणाली. "मला दोघांपैकी एक तरी राहू दे."

हे ती त्याच्यासमोर बोलली. मग त्याच्याकडे वळून, अगदी विनवल्यासारखं, म्हणाली की तूच ना रे पोरांना शिकवायचास, बुडणाऱ्याच्या जवळ जाऊ नका, तो वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात. तूच सांगायचास. तुझंच आहे हे.

बेडक्या हातांकडे बघत होता. हात पुढे धरले की पंजे आपोआप फडफडायचे, तसे ते टेबलावर फडफडत होते. त्याने ते मांडीवर घेतले.

"आई, बुडणारा माणूस ओरडत नाही," तो म्हणाला. "तोंडात पाणी असतं ना. म्हणून लोकांना कळत नाही. पण मी ओरडलो होतो. दोनदा ओरडलो."

मी सूप मोरीत ओतलं. मला जगायचंय ताई, असं तो मला कधी म्हणाला नव्हता, मीच त्याला म्हणू दिलं नव्हतं. सतत आपली थट्टा. आणि ज्या दिवशी त्याने सांगितलं त्या दिवशी मी त्याला चोर म्हणून वर वाडगाभर आणखी प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठेना. उठवला तर डोळे उघडे पण ओळख नाही, अंग घामाने थबथबलेलं. साखर पार खाली गेली होती आणि विष डोक्यात चढलं होतं, दोन्ही एकदम. आई अँब्युलन्समध्ये बसली. हॉस्पिटलच्या दारातून आत शिरली, लिफ्टमध्ये चढली, एकदाही मान वळवली नाही. मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, आईचंसुद्धा. लपवून काय करू. त्या आईवर रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, मग तुमच्या लिव्हरची चरबी उतरू शकते, तुम्ही खोटं बोलत नव्हता. हा यातून बाहेर आला तर पुन्हा स्कॅन करू, आता लवकर करू. बाहेर आला तर, हे त्यांनी दोनदा म्हटलं.

आता माझं जेवण मी करते. डब्यात उकडलेली भाजी असते, बिनमिठाची, आणि डबा माझ्या पिशवीत असतो, पिशवी माझ्या खांद्यावर. आईशी मी बोलते ते कामापुरतं. ती पलंगाच्या बाजूला स्टुलावर बसून असते, नाकात नळी असली तरी थोडं तोंडानेही द्या असं नर्सने सांगितलंय, तेवढं ती करते. पावडर ती नर्ससमोर मोजून घालते. मला दाखवून घालते. मी बघते, आणि मी बघते हे तिला कळतं.

काल तो जरा शुद्धीवर आला. मला ओळखलं नाही. आईलाही नाही, तिला बाई म्हणाला. आईने पेल्यात पावडर ढवळली, पेला त्याच्या ओठांशी नेला. त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं. मग आईकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं.

"बाई, हे ताईचं की माझं?"

आईने पेला दोन्ही हातांनी धरला.

"तुझं," ती म्हणाली. "तुझंच आहे रे."

त्याने मला शोधलं. कोण मी ते त्याला ठाऊक नव्हतं, तरी मी मान हलवली तेव्हा त्याने तोंड उघडलं. अर्धं प्याला, अर्धं हनुवटीवरून गळ्यात गेलं. आईने पदराने पुसलं आणि उरलेला पेला पुन्हा पुढे केला.

माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मी पिशवी खांद्यावर घेतली, बाहेर आले आणि लिफ्ट सोडून जिन्याकडे गेले. वरपर्यंत चढायचं, खाली उतरायचं, पुन्हा चढायचं. स्कॅन होईपर्यंत मी तेच करणार आहे.