तिसावं नाव

बाराओनाच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर आन्सेल्मो फेलिस याने एकोणतीस नावं शनिवारी सकाळी कॉफी गार व्हायच्या आत लिहून टाकली. तिसाव्या नावाशी मात्र पेन अडलं. जानेवारीच्या, शेवटच्या चार संघांच्या फेरीत तीसच खेळाडू नेता येतात आणि संघ त्या फेरीत पोचला होता तब्बल सतरा वर्षांनी.

तिसावं नाव खरं म्हणजे लिहिलेलं होतंच. विल्टन कुएवास, कॅचर, वय एकोणचाळीस. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून सोळा हंगाम चेंडू झेलून त्याच्या गुडघ्यांचं पार भुसकट झालं होतं. अख्ख्या डिसेंबरात तो अकरा वेळा बॅट घेऊन उतरला आणि त्यातला एकच फटका लागला. पण संघाच्या सगळ्या खुणा त्याने बसवलेल्या. टोपीला बोट लावलं की काय, पट्ट्यावर हात फिरवला की काय, पिचरने कोणता चेंडू टाकायचा नि धावणाऱ्याने कधी पळायचं, सगळं त्याचं.

त्यातून तो आन्सेल्मोचा कोंपाद्रे. विल्टनच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला हातांत धरून आन्सेल्मो उभा राहिला होता. हे नातं एकदा लागलं की लहानपणीचे सवंगडीसुद्धा एकमेकांना अहोजाहो करू लागतात. हे दोघेही तेव्हापासून तसंच करत.

"कोंपाद्रे राहू दे घरी," संघाचा कारभारी इंजिनिअर पेरेयो म्हणाला. "आपल्याला डावखुरा पिचर हवाय. आणि बाद झालेल्या संघातून एक उचलायचा तर आपला एक काढावा लागतो."

"आपण काढलेला मग बाकीचे तीन संघ उचलू शकतात, इंजिनिअरसाहेब."

"विल्टनला? त्याला उचलायला क्रेन लागेल."

आन्सेल्मो हसला. हसायला नको होतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं. पण डावखुरा हवा होता हे खोटं नव्हतं. समोरच्या संघांत डावखुऱ्या फलंदाजांची रांग होती आणि त्यांना आवरणारा आपल्याकडे एकही नव्हता. त्याने विल्टनच्या नावावर रेघ मारली आणि ठरवलं, की हे आपणच जाऊन सांगायचं. रविवारी त्यांच्याकडे जेवायला बोलावलंच होतं.

रविवारी विल्टनच्या बायकोने, निदियाने, बकऱ्याचा रस्सा आणि मक्याच्या कण्या केल्या होत्या. विल्टनने नवीन ग्लव्ह तेल लावून उन्हात ठेवला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता.

"आई येणार आहे पहिल्या मॅचला," तो म्हणाला. "एन्रिकियोवरून, बसने. मी सांगितलं, आई, मी बाकावरच बसलेला असेन. म्हणते, असू दे, जानेवारीतल्या बाकावर बसलेला बघायचाय."

आन्सेल्मोने तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा त्यात बकरं गेलं.

"आणखी वाढू का, कोंपाद्रे?" निदियाने विचारलं. "चेहरा उपासाचा दिसतोय तुमचा."

"वाढा थोडं," तो म्हणाला.

निघताना विल्टन फाटकापर्यंत आला. बोलायची हीच वेळ होती. आन्सेल्मोने त्याचा खांदा थोपटला, रस्सा फक्कड झाला होता म्हणाला आणि गाडीत बसला. संध्याकाळी फोन करू, असं त्याने स्वतःला सांगितलं. संध्याकाळी वाटलं, सकाळी करू. माणूस भित्रा असला की त्याला वेळ कधी कमी पडत नाही.

सोमवारी दुपारी बारा वाजता निवड झाली. चारही संघ फोनवर आणि रेडिओवर थेट प्रक्षेपण, नेहमीप्रमाणे. बाराओनाने डावखुरा मागितला. "त्याच्या जागी वगळलेला खेळाडू, विल्टन कुएवास," निवेदकाने वाचलं. पेरेयोने टेबलावर खुशीत थाप मारली.

शेवटची पाळी ला वेगाच्या संघाची होती. तिथे जरा वेळ कुजबुज झाली. मग नाव आलं, विल्टन कुएवास. निवेदकालाही हसू आलं, इतका म्हातारा कॅचर कोण घेतं म्हणून.

"यांना हा कशाला हवा?" पेरेयो म्हणाला.

आन्सेल्मोला ते लगेच कळलं. ला वेगाबरोबर पहिलीच मॅच होती, परवा. आपल्या एकूण एक पिचरचं दुखणं, एकूण एक खूण त्या माणसाच्या डोक्यात होती, आणि आपण ते डोकं स्वतःच्या हाताने शेजाऱ्याला देऊन बसलो होतो. त्याला भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली.

फोन साडेतीनच्या सुमारास आला. विल्टनचाच.

"कोंपाद्रे, खुणा बदला," तो म्हणाला. "मी कुणाला सांगणार नाही. पण तुम्ही हरलात तर लोक म्हणतील, विल्टनने सांगितलं. आई येतेय मॅचला, तिच्या कानावर ते पडायला नको."

"बदलतो."

"पिचरांचं मात्र सांगणार. ते माझं काम आहे, आता पगार त्यांचा खातोय."

"बरोबर आहे," आन्सेल्मो म्हणाला. "कोंपाद्रे, तो डावखुरा..."

"हवाच होता. तुमच्या जागी मी असतो तरी मलाच काढलं असतं. पण कधी ठरलं?"

"शनिवारी."

"म्हणजे रविवारी जेवताना ठाऊक होतं."

"होतं."

"पोरीने ऐकलं रेडिओवर. मी अंघोळीला गेलो होतो. तिनेच दारावर थाप मारून सांगितलं मला." त्याचा आवाज चढला नव्हता. "मला म्हणाली, पाद्रिनोला आपला नंबर माहीत नाही का? काय सांगू तिला?"

मुलीला हातांत धरून देवासमोर उभा राहिलेला पाद्रिनो, तिचा धर्मपिता, आन्सेल्मोच होता.

"चला, ठेवतो," विल्टन म्हणाला. "तीनच्या बसने ला वेगाला निघायचं होतं, चुकली. आता पाचची आहे."

फोन ठेवल्यावर आन्सेल्मोने कोरा कागद पुढे ओढला आणि नव्या खुणा लिहायला बसला. पहिली सुचली, कानाची पाळी. ती विल्टनची होती, तीन हंगामांपूर्वीची. दुसरी सुचली, गुडघ्यावर दोनदा हात. तीही त्याचीच. कुणाला तरी विचारावं म्हणून त्याने फोन उचलला आणि त्याच्या अंगठ्याने सवयीने विल्टनचाच नंबर लावला.