ऐंशीचा शेअर आणि उभा नारळ

लोहाऱ्याच्या मंगल कार्यालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. माणिकप्पा महाराजांपुढं पाच कंपन्यांच्या नावांचे कागद मांडले होते. तळहातावर आडवा नारळ घेऊन महाराज एकेका कागदावरून हात फिरवत होते. चौथ्या कागदावर नारळ ताडकन उभा राहिला!

"आईचा कौल! शेअर ऐंशीचा, एका शेअरमागं कमाई वीस! चार वर्षांत पैसा वसूल, पुढं नुसती चांदी!"

गर्दीत प्रमोदिनी बसली होती. ती शाळेत गणित शिकवायची. शेजारी तिचे वडील, निवृत्त कारकून अंबादास, हात जोडून बसले होते. आठवडाभर गावातल्या मोबाईलवर याच कंपनीचं नाव फिरत होतं. प्रमोदिनीनं त्या कंपनीचे दहा वर्षांचे अहवाल वाचून काढले होते.

"अण्णा, चला घरी."

"गप बस. सकाळीच महाराजांच्या माणसाकडं चेक दिलाय म्या, कौल लागंल त्या शेअरसाठी. निवृत्तीचा सगळा फंड."

ती ताडकन उठली. "महाराज, कागद पालथे करून मिसळते. मग नारळ उभा करा."

"देवीची परीक्षा घेती?"

पुढच्या रांगेतली धुरपदाबाई म्हणाली, "बाबा, आईला पालथा कागद दिसत न्हाय व्हय?"

हशा पिकला. प्रमोदिनीनं कागद मिसळले, महाराजांनी नाइलाजानं त्यांवरून हात फिरवला. नारळ उभा राहिला, कागद उलटला, तर नाव भलत्याच कंपनीचं!

प्रमोदिनीनं नारळ आपल्या तळहातावर घेतला, बोटं जराशी कलती केली. नारळ उभा! "हा बोटांचा खेळ आहे. आता ते वीस रुपये. गेल्या वर्षी कंपनीनं कारखान्याची जागा विकली, त्याचे ते. जागा एकदाच विकता येते. ते पैसे सोडले तर कधी चार, कधी तीन, दोन वर्षं तर तोटाच. दहा वर्षांची सरासरी दोन रुपये. म्हणजे ऐंशी वसूल व्हायला वर्षं किती?"

"चाळीस," अंबादास पुटपुटले.

"म्हंजी धार न काढता कास तुंबवलेली म्हैस बाजारात आणली की!" धुरपदाबाई कडाडली.

महाराज मागच्या दारानं सटकले. पुढं कळलं, त्यांच्या मेव्हण्यानं हेच शेअर बावीसला घेऊन ठेवले होते आणि भाव चढवून ते ऐंशीला गावाच्या गळ्यात मारायचे होते.

प्रमोदिनीला मात्र तिथं थांबायला उसंत नव्हती. बँक बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. अण्णांना स्कूटीवर बसवून तिनं बँक गाठली. साहेबांनी नंबर तपासला. "चेक अजून वटलेला नाही. थांबवतो."

अण्णा बाकावर बसले. "पोरी, चाळीस वर्षं कारकुनी केली, अन् एका वर्षाच्या आकड्यावर भुललो."

मंडळी, नवस देवीला बोला. पैसे गुंतवताना मात्र दहा वर्षांची कमाई मागा, सरासरी स्वतः काढा, आणि न पटलं तर भर सभेत उठून विचारा.