चेअरमनच्या बादलीतलं गरम पाणी

उद्धवराव सोनचाफा सोसायटीचे चेअरमन झाले आणि पिंपळे सौदागरात एक छोटं चाकण उघडलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत त्यांची हयात गेली होती, शेवटी शेवटी लाइन सुपरवायझर म्हणून. कंपनीने शाल, श्रीफळ देऊन त्यांना सोडलं, पण त्यांनी काही कंपनी सोडली नाही. वॉचमनची रोज सकाळी मीटिंग होऊ लागली. कचऱ्याच्या डब्यांसाठी पिवळे पट्टे आखले गेले. डबे पट्ट्यांच्या आत कधी राहिले नाहीत, तो भाग वेगळा.

मग त्यांची नजर गच्चीवरच्या हीट पंपावर गेली. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घ्यायची आणि बिल्डिंगभर गरम पाणी पुरवायचं, हे त्या यंत्राचं काम. ते बसवण्यासाठी उद्धवरावांनीच घरोघरी फिरून लोकांना गीझर काढायला लावले होते. थंडी सुरू झाल्यावर ते पाहणीला गेले, तर हे यंत्र मध्येच पंखा थांबवतंय, वाफ सोडतंय, खालून पाणी गाळतंय आणि जरा वेळाने पुन्हा कामाला लागतंय! ड्यूटीवर विडी ओढायला सटकणारे कामगार त्यांनी जन्मभर पकडले होते. त्यांनी पॅनल उघडलं आणि ‘डीफ्रॉस्ट’ नावाची ती चैन बंद करून टाकली. लिफ्टमध्ये कंपनीतल्या सुधारणा-मोहिमेसारखं पोस्टर लागलं: ‘कायझेन. सुधारणेपूर्वी: मशीन वारंवार बंद. सुधारणेनंतर: डाउनटाइम शून्य.’ खाली स्वतःचा हसरा फोटो. हिवाळ्याआधीची साफसफाई करायला आलेल्या माणसांना तर त्यांनी गेटवरूनच परत पाठवलं होतं. मशीन म्हणजे काय, ते आता यांच्याकडून शिकायचं?

कायझेनची फळं लवकरच दिसू लागली. पवनेवरचं धुकं गच्चीपर्यंत यायला लागलं आणि यंत्राच्या जाळीवर बोटभर बर्फ जमला. घरोघरी गरम पाण्याच्या नळाला गार पाणी येऊ लागलं. आता आंघोळीवर पाणी सोडायचं की मनालीला जायचं, असं लोक एकमेकांना विचारू लागले.

नानासाहेबांनी मात्र मनापासून सल्ला दिला. ही सोसायटी ज्या वावरात उभी होती, ते वावर एकेकाळी त्यांचं होतं. त्यामुळे गच्चीवरही त्यांचा थोडा हक्क चालायचा.

“यंत्राला थंडी वाजतीया, चेरमन. कांद्यावर टाकायची ताडपत्री हाय आमच्याकडं. पांघराया घाला.”

उद्धवरावांना हे पटलं. यंत्राला चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळून वर सुतळी आवळण्यात आली.

दुसऱ्या मजल्यावरची दिपाली हे बघून डोक्याला हात लावून बसली. ती चाकणलाच एका कारखान्यातले मोठे एसी सांभाळायची.

“काका, ते हवा ओढून चालतं. तुम्ही त्याचं नाकच बांधलंत,” ती म्हणाली. “थंडीत जाळीवर बर्फ धरणारच. तो धरला की सेन्सरला कळतं, मशीन थोडा वेळ उलटं चालतं आणि बर्फ वितळवतं. तुम्ही ज्याला कामचुकारपणा म्हणताय ना, तेच त्याचं काम आहे.”

“असं?” उद्धवराव हसले. “मग माझ्या घरी कढत पाणी कसं येतं?”

हे त्यांचं हुकमी अस्त्र होतं आणि ते खोटंही नव्हतं. रोज सकाळी त्यांच्या पत्नी मंजुळाबाई “पानी काढलंय वो” अशी हाक मारायच्या आणि न्हाणीघरात बादली वाफाळत असायची. टाकी एकच, पाइप एकच. म्हणजे दोष इतरांच्या नळात असणार, नाहीतर त्यांच्या संस्कारात. घरात त्यांची तक्रार एकच होती, हल्ली सिलेंडर फार लवकर संपायचा. त्याबद्दल त्यांनी मंजुळाबाईंना गॅसबचतीवर दोनदा व्याख्यान दिलं होतं.

भोगीच्या आदल्या दिवशी बायका खवळल्या. वर्षाची भोगी, डोक्यावरून न्हायचं, आणि नळाला बर्फ! खाली पार्किंगमध्ये सगळे जमले. उद्धवरावांनी छाती काढून जाहीर केलं, “उद्या सकाळी माझ्या घरी या. बादलीत हात घालून बघा. गार निघालं तर खुर्ची सोडतो.”

दिपालीने मंजुळाबाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, “नको काका. राहू द्या.”

“घाबरली,” उद्धवराव नानासाहेबांच्या कानात म्हणाले.

सकाळी अर्धी बिल्डिंग त्यांच्या न्हाणीघराच्या दारात उभी होती. नानासाहेबांनी बादलीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. “आयला! चटका बसतुया की!” त्यांच्या मनगटाला भोगीचे तीळ चिकटले होते. लोक पांगले. दिपालीही गेली. उद्धवरावांनी विजयी स्नान केलं, अंमळ जास्तच तांबे घेत.

मग मंजुळाबाई न्हायला गेल्या. आतून पाण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांचा श्वास अडकल्याचा. पुन्हा तांब्या, पुन्हा तसंच. उद्धवराव चहा घ्यायला स्वयंपाकघरात आले होते. ओट्यावर मोठं पातेलं होतं. रिकामं, अजून कोमट, तळाला तीळ चिकटलेले.

मग त्यांनी सिंकचा गरम पाण्याचा नळ सोडला आणि खाली हात धरला. बोटं बधिर झाली तरी त्यांना तो काढवेना.

मंजुळाबाई डोक्याला पंचा गुंडाळून, निळ्या पडलेल्या ओठांनी बाहेर आल्या.

“कधीपासून?” उद्धवरावांनी विचारलं.

“ताडपत्री घातल्यापासून.”

“मला बोलली का नाहीस?”

“लिफ्टमदी तुमचा फोटू लावलाय नव्हं. लोक हसायलेत त्याला, मला बघवंना.” त्या थरथरत खुर्चीवर बसल्या. “आन तुमाला समजून सांगन्यापरीस पानी तापवनं सोपं.”

उद्धवरावांना लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा, आणि चांगलीच. ते तसेच, लेंग्यावरच, दुसऱ्या मजल्यावर गेले आणि दिपालीची बेल वाजवली.

“चल. नळाखाली हात धरून बघ. बादलीत नको.”

“माहितेय मला, काका.”

“काय माहितेय?”

दिपाली जरा घुटमळली. “तुमचा सिलेंडर संक्रांतीपर्यंत पुरेना. काकू माझ्याकडचा घेऊन गेल्यात. गेला आठवडाभर तुमची आंघोळ माझ्याच गॅसवर चाललीय.”

म्हणजे ज्या पाण्याच्या जोरावर त्यांनी तिला रोज गप्प केलं, ते तिच्याच गॅसवर तापलेलं होतं.

“खुर्ची तू घे,” उद्धवराव म्हणाले.

“खुर्चीचं नंतर बघू. आधी सुतळी सोडा.”

दोघं गच्चीवर गेले. ताडपत्री निघाली. दिपालीने पॅनलवर डीफ्रॉस्ट चालू केलं. पंखा थांबला, जाळीतून वाफ निघाली आणि बर्फाचे तुकडे खाली गळू लागले. उद्धवराव हात बांधून त्या डाउनटाइमकडे बघत उभे राहिले.

“जाळी धुवायला माणसं बोलवा. पाणी तापायला संध्याकाळ होईल,” दिपाली म्हणाली.

खाली येताना त्यांनी लिफ्टमधलं पोस्टर फाडून खिशात कोंबलं. घरी येऊन पातेलं भरलं, दिपालीच्या सिलेंडरवर गॅस पेटवला आणि पाण्याला उकळी येईपर्यंत तिथून हलले नाहीत.

“पुन्हा न्हाऊन घे,” ते बायकोला म्हणाले.

“तीळ टाकले का?” मंजुळाबाईंनी विचारलं.

ते डबा शोधू लागले. इतक्या वर्षांत तीळ कुठे ठेवतात, हे त्यांना माहीत नव्हतं.