दम धर

सारजाला लघवीची घाई झाली की तिच्या नवऱ्याचं, दादासाहेबांचं, उत्तर ठरलेलं असायचं, “दम धर जरा.” रानात तेच, एस्टीत तेच. इंदापूरच्या लग्नाला जाताना तिनं जीप थांबवायला दोनदा विनवलं, तेव्हाही पुढं बसलेले दादासाहेब मागं न बघता तेच म्हणाले. मांडवापाशी ती ओल्या लुगड्यानं उतरली, सगळ्या सोयऱ्यांदेखत. त्या दिवशी तिचं डोकं फिरलं ते फिरलंच.

सांगवीला परतल्यावर तिनं बारामतीच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांच्याकडं चुंबकाची नवी खुर्ची आली होती. लुगड्यानिशी नुसतं बसायचं. खालून चुंबकाचे ठोके बसले की आतले स्नायू आवळतात आणि लघवीची पिशवी शांत होते, असं बाईंनी समजावलं.

सारजा खुर्चीत बसली, तेव्हा सोबत आलेले दादासाहेब दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी दार वाजवलं.

“खुर्चीत बसून कुठं रोग जातोय व्हय? ऊठ आता, गाडी चुकंल.”

खुर्ची खालून टकटकत होती. सारजानं आवाज चढवला नाही. उलट ती खुर्चीत आणखी रेलून बसली.

“दम धरा जरा,” ती म्हणाली.