मुरवलेल्या चहापत्तीचा डबा

मित्रांनो, माझ्या झाकणाला लागणाऱ्या प्रत्येक हाताचा आता मला संशय येतो. पूर्वी मी असा नव्हतो. ब्रह्मदेशातल्या पगान गावी बांबूच्या कामट्या वळून, त्यावर झाडाचा काळा चीक थरावर थर चढवून मला घडवले. माझ्या मधल्या खणात मुरवलेली चहापत्ती, भोवती तीळ, शेंगदाणे, तळलेला लसूण. आमच्याकडे भांडण मिटले की दोघे माझ्यातून चहापत्ती खातात. खाल्ली की तह झाला. वर सहीशिक्का लागत नाही.

मी ऊ म्यात साहेबांच्या आईचा. साहेब वकिलातीत होते, म्हणून परक्या राजधानीत पाहुण्यांच्या मेजावर मी नऊ वर्षे मिरवलो. "काय नक्षी आहे!" म्हणत लोक मला फिरवून फिरवून पाहत. मग लष्कराने सरकार उलथवले, रस्त्यावर पोरापोरींना गोळ्या घातल्या आणि वर आमच्यापुढे निष्ठेचा कागद ठेवला. साहेबांनी त्यावर राजीनामा फेकला. त्यांच्या हाताखालच्या नाय लिनने निमूट सही केली आणि त्यांची खुर्चीही घेतली.

मला काखोटीला मारून साहेब थायलंडात, चिआंग माईला आले. आता इथल्या छोट्या खानावळीत ते चहा गाळतात, त्यांची बायको दॉ सांदा माशाचा रस्सा उकळते. गिऱ्हाईक सगळे देशातून पळून आलेले. हा माणूस वाकला नाही, एवढ्याच भरवशावर ते येतात.

परवा नाय लिन उगवला. हातात चहापत्तीचा पुडा.

"दादा, चुकलो मी. दोन घास खाऊ, मिटवून टाकू."

साहेब विरघळले. त्यांचा हात माझ्या झाकणावर आला. तेवढ्यात नाय लिनने फोन काढून मेजावर टेकवून उभा केला.

"हे कशाला?" सांदाबाई पुढे आल्या.

"आठवण म्हणून एक फोटो, वहिनी."

"आठवण, की वरच्यांना दाखवायला पुरावा? उद्या छापून येईल, ऊ म्यातने तह केला. मग इथं कोण पाऊल ठेवेल?"

"इतका संशय, वहिनी?"

"संशय नव्हता, तेव्हा तू रोज आमच्या ताटात जेवत होतास. तो फोन माझ्याकडे दे आणि खा पोटभर."

नाय लिनने फोन उचलला, पण दिला नाही. खिशात घातला.

"तशी भूक नाही मला," म्हणाला आणि निघून गेला.

साहेबांचा हात किती वेळ माझ्यावरच होता.

तो पुडा अजून फडताळात आहे. साहेब फेकू देत नाहीत, सांदाबाई फोडू देत नाहीत.

मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, मऊ फडक्याने पुसत जा, मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. मात्र माझे झाकण उघडण्याआधी समोरच्याचा दुसरा हात कुठे आहे, तेवढे बघा. मी रिकामा राहीन. खोटा तह पोटात घेऊन मला मिरवायचे नाही.