बाहेरच्यापेक्षा गार

आमच्या घराच्या खिडक्या उघडत नाहीत. मुद्दामच तशा बसवल्यात, कारण हे घर नाहीच, माझ्या नवऱ्याचं संशोधन आहे. जाड मातीच्या भिंती, आणि पंख्याशिवाय घर किती गार राहतं ते मोजायचं. आत राहती माणसं हवीत, म्हणून मी आणि सासूबाई. तो मात्र दिवसभर ऑफिसात बसून आकडे बघतो. तिथे एसी आहे.

उन्हाळाभर आम्ही दोघी भाजून निघालो. उन्हाळा सरला की सुटलो, एवढ्या आशेवर दिवस ढकलले.

आज तो नाचतच घरी आला. "अगं, बाहेरच्यापेक्षा सहा अंश गार! प्रयोग दोन वर्षांनी वाढवला!"

माझं डोकंच फिरलं. "गार? इथे जीव चाललाय आमचा!"

"आकडे खोटं बोलतात का?" त्याने भिंतीवरच्या तापमान मोजणाऱ्या डबीकडे बोट दाखवलं.

डबी दिसतच नव्हती. तिच्यावर सासूबाईंचा ओला टॉवेल होता. भिंतीत खिळा ठोकायची बंदी, मग दुसरं काय करणार? दिवसभर टॉवेल भिजवून अंग पुसायचं आणि तिथेच टाकायचा.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगावं, तर प्रयोग पहिल्यापासून. गप्प बसावं, तर आणखी दोन वर्षं. इकडे आड, तिकडे विहीर.

तोवर तोही घामाघूम झाला होता. त्याने टॉवेल ओढून तोंड पुसलं.

"बघ, टॉवेलसुद्धा कसा गार राहिलाय!" म्हणाला, आणि आई ओरडेल म्हणून परत त्याच डबीवर नीट पसरून ठेवला.