सरबताचं स्टिकर आणि आमची भोवनी

मित्रांनो, मी बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या नागेंद्रची रिक्षा. जुनी आहे, पण ते मी सांगायचं. दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपत नाही. नवी होते तेव्हा नागेंद्र आधी मला पुसायचा, मगच चहा घ्यायचा. पुढे स्टँडवर नव्या रिक्षा आल्या. माझी सीट फाटली तरी कुणी बघेना. फार वाईट वाटायचं मला.

अशात त्याच्या मोबाईलवर जाहिरात आली. रिक्षावर आमच्या सरबताचं स्टिकर लावा, रोजच्यासारखी फिरवा आणि दर आठवड्याला पगार घ्या. मी हुरळून गेले. या वयात नवं लुगडं कोण देतं हो? नागेंद्रही हुरळला, कारण लेक रचनाला नर्सिंगला घालायचं होतं आणि बँकेत साठवलेली फी थोडी कमी पडत होती.

कुरिअरने चेक आला, पगाराच्या कितीतरी पट मोठा. नागेंद्रने तो बेळगावच्या बँकेत भरला. बाहेर येऊन माझ्यात बसतो न बसतो, तोच जाहिरातवाल्यांचा फोन. पगार ठेवून घ्या, उरलेले पैसे स्टिकर लावणाऱ्याला आत्ताच पाठवा, नाहीतर काम दुसऱ्याला जाईल. चेक अजून वटला नव्हता. म्हणजे पाठवायचे ते रचनाच्या फीचे. तरी नागेंद्रने मोबाईल उघडला.

मागे बायको माधवी बसली होती. आमच्या स्टँडची रीत अशी, की भोवनी, म्हणजे पहिली कमाई, हातात पडल्याशिवाय रिक्षावाला चहाचेही पैसे देत नाही.

"अवो, ह्या कामाची भोवनी झाली व्हय?" माधवी म्हणाली. "चेक निस्ता कागद हाय. बँक पैसं जमा झालं म्हनल्याबिगर पोरीच्या पैशाला हात लावायचा न्हाय."

नागेंद्रने मोबाईल खिशात टाकला. पुन्हा फोन आला, तेव्हा भोवनी झाल्यावर बघू म्हणाला. पलीकडून शिव्या आल्या. पुढे बँकेनेच कळवलं, चेक खोटा आहे.

शाब्बास माधवी! स्टँडवरच्या भावकू रिक्षावाल्यालाही तसाच चेक आला होता. त्याने पैसे पाठवण्याआधीच नागेंद्रने त्याला अडवलं आणि दोघांनी पोलिसांत तक्रार दिली.

मित्रांनो, काम देणारा आधी चेक देऊन त्यातले पैसे परत मागू लागला, वर घाई करू लागला, तर खुशाल समजा की तो लबाड आहे. बँकेत विचारा, घरात बोला, मगच पैशाला हात लावा.

फीला कमी पडलेले पैसे आम्ही जादा भाडी मारून जमवले आणि परवा रचनाचं कॉलेजात नाव घातलं. फी भरायला तिला मीच नेलं. रस्ता मोकळा होता, तरी नागेंद्रने हॉर्न वाजवला आणि मी जीव तोडून ओरडले.